मी लिहिलेली एक ओळ आणि मुरूमजवळची एक खोली

‘तुमच्या फोटोमुळं सिस्टरची खोली हातची चाललीय. आता येऊन बघा आन तेबी लिवा.’ ब्लॉगवर आलेली ही कमेंट मी तीन दिवस उघडून बघत होते. खाली नाव नव्हतं, पण कुठली खोली आणि कोण सिस्टर हे मला लगेच कळलं.

जुन्या वाचकांना आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी उमरग्याचं महादेवाचं देऊळ बघायला गेले होते, तेव्हा उत्साहाच्या भरात मोटरसायकलच्या सायलेन्सरवर पोटरी भाजून घेतली. मुरूमजवळच्या एका खेड्यात, पत्र्याच्या एका खोलीत, एस्तेरताईंनी माझी मलमपट्टी केली. ताई साठीच्या. कुष्ठरोगाच्या दवाखान्यात नर्स म्हणून हयात घालवली आणि निवृत्तीनंतर ही खोली भाड्याने घेतली. साखरेच्या आजाराने चिघळलेले पाय, बधिर पडलेले पाय त्यांच्याकडे यायचे. पाय टबात भिजवायचा, जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने घासायची, तेल चोळायचं आणि पट्टी बांधायची, असं त्यांचं काम. पायाला हात लावण्याआधी त्या क्षणभर डोळे मिटायच्या. तो क्षण मी टिपला आणि घरी येऊन फोटोखाली ओळ लिहिली, ‘रुग्णांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणारी सिस्टर’. ताईंच्या गळ्यात बारीकसा क्रूस होता, त्यामुळे मला वाटलं, दुसरं काय असणार? विचारलं मात्र नाही. ओळ छान वाटली, म्हणून लिहून मोकळी झाले.

ताईंना फोन केला तर म्हणाल्या, “बरं चाललंय. तू या उन्हात येऊ नकोस.” हे ऐकून मी बॅग भरली. नवरा म्हणाला, “जा, पण तिथे जाऊन भांडू नकोस.” वीस वर्षांत तो मला चांगलाच ओळखून आहे.

आता रस्त्याचं सांगते. स्वारगेटहून सोलापूर एसटीने साडेपाच तास, तिथून हैदराबाद हायवेने उमरगा अडीच तास. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. फेब्रुवारी संपत आला होता. ज्वारी काढून झाली होती आणि कडब्याने फुगलेले ट्रक अर्धा रस्ता अडवून चालले होते. उमरग्यात स्टँडजवळ आठशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली (गरम पाणी फक्त सकाळी सातपर्यंत). सकाळी न्याहारीला सुशीला मिळते, म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे. वर शेंगदाण्याची चटणी मागून घ्या. मुरूमला वडाप जीप जाते, पण भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा तासभर हातचा धरा.

खेड्याच्या फाट्यावर चहा घेतला आणि सिस्टरची खोली अजून तिथेच आहे का, असं विचारलं. चहावाल्याने माझ्याकडे न बघता कप विसळला.

“कोणची सिस्टर? आमाला न्हाय म्हायती.”

मागच्या वेळी याच माणसाने टपरी सोडून मला खोलीपर्यंत पोचवलं होतं. मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, “चहा झाला असंल तर बाकडं रिकामं करा, बाई.” माझा तिळपापड झाला, पण नवऱ्याचं बोलणं आठवलं आणि उठले.

खोलीवरची पाटी डांबराने काळी केली होती. खिडकीची काच नव्हती, तिथे पुठ्ठा लावलेला. ताईंनी दार उघडलं, मला बघून आधी रागावल्या आणि मग हात धरून आत नेलं. बऱ्याच वाळल्या होत्या. रांगेत बसायला ठेवलेली बाकं रिकामी होती आणि टब भिंतीला उपडा टेकवलेला होता.

“कोरा चहा चालेल ना? दूध बंद झालंय.”

“म्हणजे?”

“गावातला दुकानदार देत नाही मला. महिना झाला. मुरूमहून पावडर आणते, तीही काल संपली.”

त्यांनी हे इतक्या साधेपणी सांगितलं की मला रडूच फुटलं. माझा फोटो ब्लॉगवरून उचलून कुणीतरी महिन्यामागे गावाच्या ग्रुपवर टाकला होता, माझ्या त्या ओळीसकट. ‘आत्म्यासाठी’ या शब्दाभोवती लाल गोल. पाय धुता धुता बाई धर्म बदलते, हा पुरावा. पंचवीस-तीस रुग्ण यायचे, ते पाचावर आले, तेही तोंड झाकून मागच्या बाजूने. मी माफी मागायला लागले तर ताई म्हणाल्या, “आधी चहा पी, निवतोय.”

तेवढ्यात घरमालक दत्तूअण्णा आले. पन्नाशीचे, मोठ्या शेतीचे धनी. माणूस वाईट नाही, हे मला कबूल करावं लागेल. त्यांची आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली, झोपून झोपून पाठीला जखम झालेली. ताई एक दिवसाआड जाऊन ती धुवायच्या. गावाने डोळे वटारल्यापासून अण्णांनी तेही बंद केलं होतं. ते दारातच उभे राहिले.

“शिस्टर, उद्या सकाळी पारावर बैठक हाय. तुमी फकस्त येवढंच म्हना, डोळ्यात पानी उडालं व्हतं म्हून डोळं मिटलं. बास. म्या बघतो फुडचं. खोली ऱ्हाईल तुमची.”

“आणि आईची पट्टी?” ताईंनी विचारलं.

“ते बी व्हईल. एकदा म्हना तर.”

मला हा मार्ग फारच सोपा वाटला. एक वाक्य बोलायचं आणि खोली वाचवायची! पाच रुग्ण पुन्हा तीस झाले असते, म्हातारीची जखम धुतली गेली असती. ताईंना मी तसं म्हटलं. त्या टब सरळ करून पुसत बसल्या. टब पुसून झाल्यावर म्हणाल्या, “बघू.” त्या ‘बघू’चा अर्थ मी मला हवा तसा लावला आणि उमरग्याला परत येऊन ढाब्यावर पोटभर जेवले. ताट दीडशे रुपये, भाकरी गरम. आज ते जेवण आठवलं की लाज वाटते.

सकाळी आठला मारुतीच्या पारावर चाळीसेक माणसं जमली होती. दूध बंद करणारा दुकानदारच पुढे होता. त्याने फोनवर तो फोटो उघडला आणि माझी ओळ मोठ्याने वाचून दाखवली. मी हौसेने लिहिलेलं वाक्य त्या आवाजात ऐकताना अंगावर काटा आला.

“सांगा सिस्टर, काय चाललं व्हतं ह्ये?”

ताई उत्तर देणार, तेवढ्यात मी उभी राहिले. म्हटलं, “फोटो मी काढलाय. त्यांच्या डोळ्यांत टबातलं पाणी उडालं होतं. प्रार्थना वगैरे काही नव्हतं, ती ओळ मी मनाने लिहिली.”

दत्तूअण्णांनी मान डोलावली. बैठक तिथेच संपली असती.

“नाही,” ताई म्हणाल्या. “ती मला वाचवायला खोटं बोलतेय. मी प्रार्थनाच करत होते.”

पारावर गलका झाला. दुकानदार हात वर करून म्हणाला, “ऐका! ह्येंची मान्सं बी लबाड निगाली.” मग ताईंकडे वळून, “कशाची प्रार्थना? आमच्या मान्साला तुमच्यात वडायची?”

ताईंचा आवाज लहान होता, पण मागच्या ओळीपर्यंत पोचला.

“त्या पायाला वास येत होता. इतकी वर्षं काम करतेय तरी मला अजून किळस येते. माझा हात मागं येऊ नये, माझं तोंड वाकडं झालेलं त्या माणसाला दिसू नये, एवढं मागत होते. रोज तेच मागते. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी.”

ज्यांचा पाय फोटोत होता ते शिवामामा मागच्या ओळीत बसले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आता तरी तोंड उघडतील म्हणून. त्यांनी धोतराचा सोगा पायावर ओढून घेतला आणि खाली बघितलं. तीन दिवसांत खोली खाली करायची, असं ठरलं.

परत येताना मी शिवामामांवर तोंडसुख घेतलं. ताई थांबल्या. “त्यांना इथंच राहायचंय, मीनल. त्यांना काही बोलू नकोस.” आणि मग म्हणाल्या, “मला आज दुखलं ते तुझं. त्यांनी मला लबाड म्हटलं असतं तर सोसलं असतं. तू त्यांना तसं म्हणायला जागा दिलीस.” दोनदा मी त्यांच्या तोंडी माझी वाक्यं घातली होती, आणि दोन्ही वेळा किंमत त्यांनी मोजली.

दुपारी त्यांनी पिशवी भरली. पट्ट्या, कापूस, मीठ. मी विचारलं, कुठे? “दत्तूअण्णांकडे. आज पट्टीचा दिवस आहे.” मला खरोखर त्यांचा राग आला. ज्या माणसाने सकाळी खोली काढून घेतली, त्याच्या दारात जायचं? तरी मागोमाग गेले. अण्णांनी दार अर्धवट उघडलं, गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं.

“आज नगं, शिस्टर. लोक बघाय लागलेत.” आणि दार लावून घेतलं. आतून म्हातारीचं कण्हणं ऐकू येत होतं.

ताई ओट्यावर बसल्या. पिशवीतलं सामान उंबऱ्याशी मांडलं आणि बंद दाराला सांगायला लागल्या. “पाणी उकळून गार करा, त्यात मीठ घाला. जखम पुसू नका, नुसती धार सोडा. ओली पट्टी आत, कोरडी वर. दर दोन तासांनी कूस बदला.” ऊन डोक्यावर होतं, समोरच्या घरातल्या बायका खिडकीतून बघत होत्या. ताई शाळेत शिकवावं तसं एकेक वाक्य दोनदा सांगत होत्या.

मग आतून अण्णांचा हलका आवाज आला.

“डाव्या कुशीवर घालू का उजव्या?”

“सकाळी कुठल्या होत्या?”

“डाव्या.”

“मग आता उजव्या.”

परतीच्या वाटेवर रामलिंगला थांबायचं ठरवलं होतं, म्हणून धाराशिवहून येडशीला गेले. दरीतलं देऊळ सुंदर आहे, जरूर बघा. माकडं पिशवी ओढतात, खायचं काही नेऊ नका. मी पायऱ्यांवर बसून राहिले आणि एकही फोटो काढला नाही.

घरी आल्यावर फोटो काढून टाकावा असं वाटत होतं. ताई म्हणाल्या, “फोटो खरा आहे, राहू दे. ओळ तेवढी बदल.” आता खाली असं लिहिलंय, ‘एस्तेरताई स्वतःसाठी प्रार्थना करत होत्या. मी त्यांना विचारलं नव्हतं.’ जुनी ओळ मात्र ग्रुपवर अजून फिरतेय आणि ती परत घेणं माझ्या हातात नाही. ताईंना त्या गावात दुसरी खोली मिळाली नाही. मुरूमला एकीच्या पडवीत राहतात, टब तिथेच आहे, माणसं अजून येत नाहीत.

काल फोनवर विचारलं, अण्णांकडे जाता का अजून? म्हणाल्या, जाते, जीपने. दार उघडत नाहीत. मी बाहेरून सांगते, ते आतून विचारतात.

“आणि उद्याही एवढ्या उन्हात जाणार?”

“उद्या नाही, परवा,” त्या म्हणाल्या. “एक दिवसाआड असतं ते. विसरलीस का?”