नदीपलीकडची पक्षनेती

माझी थोरली बहीण नागपूरला कौटुंबिक न्यायालयात वकिली करायची. लग्नानंतर ती कॅनडात विंडसरला गेली आणि काही वर्षांनी मी नोकरीसाठी अलीकडे अमेरिकेत, नोव्हायला आलो. मध्ये नदी, नदीवर पूल. ट्रॅफिक नसेल तर तासाभरात मी ताईच्या दारात.

तिच्या नागपूरच्या सनदेला तिथं कोणी विचारेना. पुन्हा अभ्यास, पुन्हा परीक्षा. तोवर ती एका विमा कंपनीत फोन घ्यायची आणि दिवसभर लोकांना सांगायची, "तुमची अडचण मी समजू शकते." राजकारणात कायद्यापेक्षा हाच अनुभव कामाला आला, असं ती म्हणते. नोव्हायच्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर काका. ते दर गणपतीला मला विचारायचे, "काय रे, ताई अजून शिकतेच आहे?"

पास झाल्यावर तिनं भाडेकरूंच्या केसेस घेतल्या. ऐन थंडीत हीटर बंद पडला की घरमालक फोन उचलत नाही, ताई उचलायची. त्याच भाडेकरूंनी तिला प्रांताच्या निवडणुकीत उभं केलं आणि निवडूनही आणलं. तिचा पक्ष विधानसभेत सगळ्यात लहान. पुढे त्यांच्या नेत्यानं 'कुटुंबाला वेळ देण्यासाठी' राजीनामा दिला. त्या जागेसाठी दोघांना विचारलं. एकाचा गुडघा दुखत होता, दुसऱ्याला फ्रेंच येत नव्हतं. ताईलाही येत नव्हतं, पण ती म्हणाली, "शिकते." झाली पक्षनेती.

तिच्या सत्काराला निघालो तेव्हा सीमेवरच्या अधिकाऱ्यानं कारण विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, "माझी बहीण पक्षनेती झालीय."

"कुठल्या पक्षाची?"

मी नाव सांगितलं. तो जरा विचारात पडला. "तो अजून आहे?" म्हणाला आणि पासपोर्ट परत दिला.

नोव्हायमध्ये मात्र धमाल उडाली. काकांनी ताईला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं आणि माइकवर जाहीर केलं, "कॅनडाच्या भावी पंतप्रधान!"

"काका, मी फक्त प्रांताच्या…"

"नम्रता पुरे गं! मी पहिल्यापासून म्हणत होतो, ही पोरगी पुढे जाणार."

मग प्रश्नोत्तरं झाली. एका तरुणानं विचारलं, "ताई, इथला व्हिसा एक्सटेंड नाही झाला, तर तिकडे कायम राहायचं पीआर होईल ना? तुम्ही फक्त एक फोन करा, यार." एका काकूंना पुलाचा टोल माफ करून हवा होता. ताई हात जोडून म्हणाली, "काकू, आमचं ऐकायला सभापतीसुद्धा तयार नसतात." सगळे खो खो हसले. त्यांना तो विनोद वाटला. भाडेकरूंबद्दल ती दहा मिनिटं मनापासून बोलली. तेवढ्यात निम्मी माणसं चहाला गेली. त्यातले बरेच जण स्वतः घरमालक होते.

पुढच्या निवडणुकीत ताई स्वतःच्याच मतदारसंघात हरली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"पडलो रे. मीही आणि पक्षही."

मी म्हटलं, "येऊ का तिकडे?"

"ये. पण दुपारनंतर. एका बाईचा घरमालक कुलूप बदलून गेलाय, आधी तिच्याकडे जायचंय." आवाज थोडा बसला होता, पण घाई नेहमीचीच होती. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. बायको म्हणाली, "हरली ती आणि रडतोस तू?"

दिवाळीच्या कार्यक्रमाआधी काकांचा फोन आला. "पत्रिकेत ताईच्या नावापुढे आता काय छापू?"

"वकील छापा."

"नुसतं वकील?" काकांचा उत्साह मावळला. प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनी थेट दूरच्या प्लेनो शहरातून एक डेंटिस्ट बोलावले.

ताई तरीही आली, माझ्या शेजारी बसली. डेंटिस्टना लोकांनी घेरलं होतं. सगळे आ करून त्यांना दाढा दाखवत होते. ताईनं चिवड्याची प्लेट भरून घेतली आणि मला म्हणाली, "बघ, या माणसाच्या हातात निदान काहीतरी आहे."