साडेसातला वाहिनी बदलायची

बाबा गेल्यानंतरही आमच्या घरात रोज साडेसातला टीव्हीची वाहिनी बदलायची. आपोआप. आईची हिंदी मालिका ऐन रंगात आलेली असायची, नायिकेच्या हातात विषाचा पेला वगैरे, आणि खाडकन मराठी बातम्या!

करणी बाबांचीच होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी सेट-टॉप बॉक्समध्ये रोजची वेळ लावून ठेवली होती. मालिका तासाभराची, सातला सुरू होणारी. तिच्या मधोमध बाबांच्या बातम्या. नोएडात राहून गावाकडचं कळायला दुसरा मार्ग नाही, असं त्यांचं म्हणणं. आई रोज ओरडायची, "अहो, थांबा ना पाच मिनिटं!" बाबा ढिम्म. मी मनात म्हणायची, काय पोरखेळ आहे यार, रोज तेच भांडण!

आता खुर्ची रिकामी, पण बॉक्स आपलं काम चोख करत होता. पहिल्या दिवशी पडदा बदलला तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आईने मात्र नेहमीसारखं खुर्चीकडे बघून म्हटलं, "अहो, थांबा ना!" मग बातम्या शेवटपर्यंत ऐकत बसली. पुढे रोज तसंच. साडेसात वाजत आले की मला स्वयंपाकघरातून बाहेर यायचीच भीती वाटायची.

त्यात माझ्या ऑफिसने माणसं कमी केली, माझीही नोकरी गेली. घर आईच्या पेन्शनवर आलं. टीव्हीचा पॅक बघा कसला: एक मराठी बातम्यांची वाहिनी हवी तर सोबत कधी न बघितलेल्या पन्नास गळ्यात! डोकंच फिरायचं माझं. मजल्यावरच्या सगळ्यांनी एकदाच पैसे भरून फुकट वाहिन्यांची डिशची छत्री बसवली होती. आईची मालिका त्यात दिसत होती, सरकारी मराठी वाहिनीही होती. मी मेकॅनिकला बोलावलं.

"माताजी, हर महीने का झंझट ख़तम," असं म्हणत त्याने जुन्या बॉक्सची वायर हातात घेतली. आई पटकन उठून मधे आली. "आज नको. बिल्कुल नको. त्यांच्या बातम्या आहेत आज."

"आई, बातम्या नव्या बॉक्सवरही दिसतील."

"दिसतील गं. पण लावणार कोण?"

मी मेकॅनिकला उद्या यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आला, आणि आई बाल्कनीत पाठ करून उभी राहिली. जुना बॉक्स मी कपाटात ठेवला, तिच्या साड्यांच्या खाली. फेकायची हिंमत माझ्यातही नव्हती.

त्या संध्याकाळी साडेसात वाजले. काही झालं नाही. विषाचा पेला, रडारड, जाहिराती, सगळं पार पडलं. कित्येक वर्षांत आईने पहिल्यांदाच भाग अखंड बघितला. संपल्यावर ती माझ्याकडे वळली. "एवढंच असायचं होय शेवटी? ह्याच्यासाठी भांडत होते मी त्यांच्याशी?" आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाबा गेले तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मीही रडले.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि रिमोट माझ्या हातात दिला.

"उद्यापासून तू बदलत जा. साडेसातला. मी ओरडेन, तू ऐकू नकोस."

आता मी रोज तिच्या मागे, दारापाशी उभी राहते आणि बटण दाबते. ती ओरडते, "अहो, थांबा ना पाच मिनिटं!" वळून मात्र बघत नाही. मीही गप्प राहते. बाबाही कधी उत्तर द्यायचे नाहीत.