आमच्या स्वयंपाकाचा कारखाना

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. सौदीतल्या जुबैलच्या कॅम्पात आम्ही सहाजण एका खोलीत राहायचो, सगळे फिटर नाहीतर वेल्डर, सगळे कोकणातले. जेवण पाळीनं. ज्याची पाळी त्यानं ड्यूटीवरून येऊन सहाजणांचं रांधायचं. काकांची पाळी आली की आम्ही आधीच दुकानातून खुबूसच्या रोट्या आणि दही आणून ठेवायचो. काका आमच्यात सगळ्यांत वडील. गावी बायकोला अर्धांगवायू झालेला, मूलबाळ नाही. चार महिन्यांत ते कायमचे परतणार होते, आणि तिला करून घालायचं म्हणून पन्नाशी उलटल्यावर स्वयंपाक शिकत होते.

मी तेव्हा बाहेरून बी.ए. करत होतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात सुरुवातीलाच टाचण्यांचा कारखाना निघाला. एकानं तार ओढायची, दुसऱ्यानं तोडायची, तिसऱ्यानं टोक काढायचं. एकटा माणूस जेमतेम मूठभर करील तिथं सगळे मिळून ढीग घालतात. मला इतका आनंद झाला की पुढचं प्रकरण उघडायच्या आधीच मी खोलीत कारखाना काढला. दोघांनी चिरायचं-वाटायचं, एकानं भात, एकानं बाजार, कालवण माझं आणि भांडी काकांची. भांडी ते लख्ख घासत. तासाभरात जेवण तयार, तेही चवीचं. सगळ्यांनी पाठ थोपटली आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो.

पुढची प्रकरणं परीक्षा जवळ आल्यावर, तीन महिन्यांनी वाचली. तिथं वेगळीच माणसं भेटली. जन्मभर एकच टोक घासणाऱ्याच्या अंगचं कसब जातं कुठं, आणि तो ढीग नक्की कोणाचा, असं विचारणारी. मला नवल वाटलं. कारखाने तेच, कामगार तेच. मग एकाला ढीग दिसला आणि दुसऱ्याला माणूस, हे कसं? मान वर केली तर बेसिनपाशी काका पातेलं घासत होते. मी चरकलो.

"काका, तुमचं शिकणं राहिलं. बोलला का नाहीत?"

"अरे मेल्या, पाचजण पोटभर जेवत होतात. माझ्या एकट्यापायी कशाला मोडायचं?"

मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून काकांना गॅसपुढं उभं केलं. बाकीचे कुरकुरले, "यल्ला काका, आटपा, भूक लागली!" करपलेला भात, खारट कालवण, सगळं आम्ही गिळलं. पण हातात तीनच आठवडे होते.

काका गेले तेव्हा त्यांना पेज जमत होती. कालवण राहून गेलं.