जालन्यापर्यंत टिकेल का

मुकुंदसारखा हुशार आणि आळशी माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत तो प्रयोगशाळेचं काम बघतो. घरातलं काही बिघडलं, तर मिस्त्रीला दारात उभं करणार नाही. पंखा, मिक्सर, शेगडी, सगळं स्वतः उघडणार आणि ‘उद्या बघू’ म्हणून तसंच ठेवणार. त्याच्या जुन्या गाडीचा रेडिएटर दिवाळीपासून गळत होता. हा रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतायचा आणि वर आम्हालाच सांगायचा, गाडीला तहान फार.

त्याची बायको, तारावहिनी, त्याच्या मागं लागायच्या. रेडिएटरच्या पाण्यात हळद टाका, माझ्या भावाच्या ट्रॅक्टरचं गळणं तसंच थांबलं. तो म्हणायचा, उद्या बघू.

मग एका दुपारी वहिनींच्या छातीत कळ आली. त्यांना गाडीत घालून तो जालन्याला निघाला. राजूरच्या अलीकडं इंजिन तापलं आणि गाडी बंद पडली. बॉनेटमधून वाफ निघत होती आणि हा रस्त्यात हात करत उभा. दुसरी गाडी थांबली तोवर वहिनी गेल्या होत्या.

तो रडला नाही. स्मशानात नाही, घरी नाही. वाढलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. त्याच्याकडं बघून बघून मलाही काही वाटेनासं झालं होतं.

सुतक फिटायच्या आधीच एका सकाळी तो वाटी घेऊन आमच्या दारात आला.

“भुजंगअण्णा, हळद द्या.”

सुतकाच्या घरात हळद काढत नाहीत, म्हणून त्याची बहीण बेबीनंदा डबा देत नव्हती. कशाला हवी म्हणून विचारलं, तर म्हणाला, “रेडिएटरात टाकायची.”

माझं डोकंच फिरलं. “आता कुठं जायचंय तुला? मिस्त्रीकडं टाक न गाडी.”

“मिस्त्री नवाच बसवंल. मला हळदीनं थांबतं का ते बघायचंय. जालन्यापर्यंत.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळद टिकली नाही, तर सगळं नशिबावर जाणार होतं. टिकली, तर त्याच्यावर. मी म्हणालो, नको रे बाबा. तो वाटी धरून उभाच. शेवटी आमच्या हिनं ती भरून दिली आणि आत जाऊन रडली.

इंजिन गार होतं. त्यानं झाकण काढलं, बादलीत हळद कालवली, नरसाळ्यानं ओतली आणि इंजिन चालू केलं. खाली फरशीवर पिवळे थेंब पडायला लागले. मला केवढं बरं वाटलं! पण हळूहळू थेंब लांबले, आणि मग थांबले.

“बसा अण्णा,” तो म्हणाला.

जिथं गाडी बंद पडली होती ती जागा आली. त्यानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही, वेगही कमी केला नाही. राजूरला मी गणपतीला हात जोडले. लोक त्याच्याकडं काय काय मागतात. मी म्हणालो, देवा, गळू दे.

जुन्या जालन्यात दवाखान्याच्या फाटकाशी त्यानं गाडी थांबवली. त्याच्या आधी मीच खाली वाकलो. सगळं कोरडं.

“गळून राह्यलंय रे,” मी म्हणालो. “थोडं हाय, पण गळून राह्यलंय.”

तो गुडघ्यावर बसला. हात आत घालून त्यानं रेडिएटरची खालची कड चाचपली आणि पंजा माझ्यासमोर धरला.

“न्हाई अण्णा. बिलकुल कोरडंय.”

मागं रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. वॉचमन ओरडला, गाडी पुढं घ्या. मुकुंद उठला, सीटवर जाऊन बसला.

“पोचलो असतो,” तो म्हणाला, आणि त्यानं गाडी पुढं घेतली.