धुरपताबाईची भिंत

त्या फिल्मचं कुणी कौतुक करू लागलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दहा मिनिटांची फिल्म, आणि दहाही मिनिटं खोटी!

धुरपताबाई नवेगावकडच्या आमच्या गावात धानाच्या रोवणीला जायची. शाळेची पायरी चढली नव्हती, चित्र काढायला कुणी शिकवलं नव्हतं. सत्तेचाळीस साली तिचा नवरा तापाने गेला. दहाव्याला बायकांनी तिला तलावावर नेऊन दगडावर तिच्या बांगड्या फोडल्या. तुकडे तिथेच टाकायचे आणि मागे वळून पाहायचं नाही, ही रीत. ही बाई दुसऱ्या दिवशी जाऊन ते वेचून घेऊन आली. मातीत धानाचा कोंडा कालवून तिने अंगणाच्या भिंतीवर एक सारस उठवला आणि डोळ्याच्या जागी आपल्या बांगडीचा लाल तुकडा बसवला.

पुढे गावात जी जी विधवा झाली तिच्या बांगड्यांचे तुकडे धुरपताबाईने वेचले. बाईगणिक एक सारस. अकरा वर्षांत अंगणाच्या चारी बाजू भरल्या. लोक घरावरून जाताना तोंड फिरवत, अवदसा म्हणत. ती ऐकून घ्यायची आणि सांगायची, "नवरा मेला का बाईचं नाव बी मरते. माह्या भिंतीवर त्या जित्त्या आहेत."

अठ्ठावन्न साली नागपूरहून फिल्मवाले आले. त्यांना खेड्यातले न शिकलेले कलावंत हवे होते. कालपर्यंत तोंड फिरवणारा सरपंच केशोराव हार घेऊन पुढे! धुरपताबाईला दूर भिंतीपाशी माती कालवत बसवलं होतं. साहेबाने केशोरावालाच विचारलं, "ये चूड़ियाँ किसकी हैं?"

"सुहागिनों की, साहब. शादी-ब्याह में टूटती हैं ना, वही."

मी, शाळेचा मास्तर, शेजारीच उभा होतो. गावाचं नाव होईल म्हणून गप्प बसलो. त्याची मला लाज वाटते.

पुढच्या वर्षी सरकारी गाडी ती फिल्म घेऊन गावात आली. दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात पडदा लागला. विधवा बायका नेहमीप्रमाणे सगळ्यांत मागे. पडद्यावर सारस आले आणि आवाज घुमला, "हँसती दुल्हनों की चूड़ियाँ! सौभाग्य का उत्सव!" धुरपताबाईचं नावसुद्धा नाही. गोंदियाच्या बाजारामुळे हिंदी सगळ्यांना कळायची. तिलाही कळलं.

ती उठली आणि थेट पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खोटं सांगून राहिला तो!"

"बाई, हटो!" गाडीवाला ओरडला.

"बस खाली," केशोराव खेकसला. "गावाची इज्जत जाऊन राहिली."

"माही भिंत दाखवता अन् माह्या बायाच पुसून टाकता? कायची इज्जत?"

फिल्म काळीपांढरी होती, पण तिला रंग पाठ होते. एकेका सारसावर बोट ठेवून ती सांगू लागली. "हा लाल डोळा माहा. तो पिवळा वच्छलेचा. हा निळा चमेलीचा, बाविसाव्या वर्षी फोडल्या तिच्या."

मग पंख पसरलेला सारस आला. तिचं बोट वर गेलं, नजर केशोरावाकडे गेली, आणि ती गप्प झाली.

मागच्या रांगेत केशोरावाची म्हातारी आई उठून उभी राहिली.

"थांबली काऊन, धुरपता? हिरवा माहा आहे. सांग माह्या पोराले."