बिनगाठीची तार

इतवारीतला तो रेडिओ दुरुस्त करणारा इतका सावकाश बोलायचा, की प्रश्न विचारून मी अख्खं संत्रं सोलून खायचो, तेव्हा कुठे उत्तर यायचं. हात मात्र वाऱ्याचे. घराणं विणकरांचं, मागावरचे हात रेडिओत शिरले, एवढंच.

शारदोत्सवाच्या सकाळी माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारं चुंबकाचं वेटोळं, मेला. संध्याकाळी कार्यक्रम, आणि दुसरा पिकअप थेट विलायतेत!

"नवा बनवू ना, भाऊ," तो म्हणाला. त्यानं जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं आणि आईच्या सुताच्या कांड्या भरायच्या चरख्यावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळली. लाखभर वेढे तरी झाले असतील. पिकअप बसवून तार छेडली, तर गिटार मुकी!

तो ओशाळला. "मधात तार तुटली होती. हातानं आपोआप विणकराची गाठ मारली, भाऊ. वरचं रोगण खरवडलंच नाही, मंग वीज पुढे जाईल कशी?"

"मग तेवढीच गाठ सोडव! चार वाजले!"

"काहून घाबरून राहिले? गाठ दिसली तं माझी माय विणलेलं पातळ गिऱ्हाइकाले देत नाही." त्यानं सगळी तार कापून टाकली आणि पहिल्यापासून गुंडाळली.

संध्याकाळी गिटार अशी घुमली, की सीताबर्डीच्या किल्ल्यावरच्या तोफा दचकल्या. तो पुढेच बसला होता, डोळे मिटून, अंगठा तर्जनीवर फिरवत, जणू माझ्या सुरात गाठ चाचपत होता. शेवटी त्यानं मान डोलावली. तोफांचं सोडा, पण ती मान मी खरंच पाहिली.