अर्ज भेटला

आमच्या वसतिगृहातल्या मुली तिला चकरीताई म्हणत. संगणकाच्या पडद्यावर उत्तराची वाट बघताना जे वर्तुळ फिरत राहतं, ती चकरी. ती दिसली की आपण सगळे वैतागतो. ही मात्र हनुवटी तळहातावर टेकवून तिच्याकडे बघत बसे, काठावर बसलेलं माणूस वाहत्या पाण्याकडे बघतं तशी.

बाळांनो, शाळेतून निवृत्त झाल्यावर मी अमरावतीच्या या मुलींच्या वसतिगृहाची सचिव झाले. प्रवेशअर्ज वेबसाइटवर घ्यायचे ठरले, तेव्हा ती वेबसाइट बनवायला हिला अकोल्याहून बोलावलं. मे महिन्याच्या दुपारी ऑफिसात पडदे ओढलेले, कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास, आणि कोपऱ्यात ती. त्या हिरवट काळोखात वेळ जणू पेंगत असे.

"बटन एकदाच दाबा, मॅडम," ती मला बजावे. "पान इथंच राह्यते. मागून फक्त निरोप जाते सर्व्हरकडं. त्याचं उत्तर येईपर्यंत बसा न जरा." मी घंटेच्या ठोक्यावर जगलेली इंग्रजीची शिक्षिका, मला हे नुसतं बसणं जमत नसे.

अर्ज सुरू झाले आणि दोनच दिवसांत सगळ्या जागा भरल्या. मी खूश. तिसऱ्या दिवशी हिवरखेडहून एका मुलीचा फोन आला. तिला इथल्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण वसतिगृह असेल तरच वडील पाठवणार होते. "मॅडम, सकाळपासून चकरीच फिरून राहिली." मी यादी पाहिली आणि जागा नाही म्हणून सांगितलं.

चकरीताईने मान वर केली. "सकाळपासून?"

तिने ब्राउझरची आतली खिडकी उघडली. पानाने पाठवलेला प्रत्येक निरोप आणि त्याला आलेलं उत्तर तिथे ओळीने दिसतं. तिने एक खोटा अर्ज भरून बटन दाबलं. चकरी फिरू लागली. खिडकीत मात्र उत्तर केव्हाच येऊन बसलं होतं: ‘भेटला’.

"उत्तर तं आलं, मॅडम. पानालेच ते समजून नाही राहिलं." ती हसली आणि तिने त्या शब्दावर बोट ठेवलं.

सर्व्हरचं काम तिचं होतं, पानाचं तिच्या पुण्याच्या मैत्रिणीचं. अर्ज पोचला की तसा शब्द पाठवायचा, एवढंच दोघींनी फोनवर ठरवलं होतं. अकोल्याचा सर्व्हर ‘भेटला’ म्हणत होता आणि पुण्याचं पान ‘मिळाला’ची वाट बघत होतं. चकरी थांबेना म्हणून लोक पुन्हा पुन्हा बटन दाबत होते, आणि दर वेळी यादीतली एक जागा जात होती. एकेका मुलीच्या नावावर चार-चार खाटा!

जास्तीचे अर्ज काढून जागा मोकळ्या करायला संध्याकाळ झाली. मग जागा आहे हे सांगायला तिने स्वतःच हिवरखेडला फोन लावला. वडिलांनी उचलला.

"राहू द्या आता. तुमचंच काई खरं नाही. नाही पाठवत मी तिले."

"काका, चूक माही हाये. त्याची शिक्षा पोरीले काहून देता?"

पलीकडून काहीच येईना. अजून काहीतरी बोल, म्हणून मी हाताने खुणावत होते. ती बोलली नाही. फोन कानाशी धरून नुसती उभी राहिली. कूलरचं पाणी ठिबकत होतं. खूप वेळाने आवाज आला, "सामान काय काय आना लागते, ते सांगा."

ती मुलगी आता इथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे.

दुरुस्ती करताना चकरीताईने मला विचारलं होतं, "मॅडम, कोणता शब्द ठेवू?" मी म्हटलं, "तुझा." पुढच्या वर्षी ती हैदराबादला गेली. आजही अर्ज भरला की पडद्यावर येतं, ‘अर्ज भेटला’. आमचे एक विश्वस्त दर बैठकीत म्हणतात, हा शब्द तेवढा शुद्ध करून घ्या. मी ते इतिवृत्तात व्यवस्थित नोंदवते आणि पुढे लिहिते, ‘विषय पुढील बैठकीत घ्यावा.’